लोकार्पण झालं, पण स्वीकारलं कोणी?

काही वर्षांपूर्वी ईदच्या सुट्टीत मी पुण्याहून सोनपेठला आलो होतो. मोहल्ल्याच्या टोकाला, जिथं वस्ती संपते तिथं, लिंबाचं एक जुनं झाड आणि त्याच्याभोवती मोकळी जागा आहे. लहानपणी आम्ही तिथं गोट्या आणि क्रिकेट खेळलो. त्या सुट्टीत पाहिलं तर सगळीकडे कचरा, काटेरी झुडपं आणि साचलेलं पाणी. आम्ही वीस-बावीस पोरांनी ठरवलं, ही जागा साफ करायची.

दोन रविवार लागले. वर्गणी काढली, जेसीबी भाड्यानं आणला, ट्रॉल्या भरून कचरा बाहेर काढला. झाडाला पार बांधला, रंग दिला. कोणी सिमेंटचे बाकडे दिले, कोणी रोपं आणली. शेजारच्या एका घरातून वायर ओढून झाडावर बल्ब लावला. एका पाहुण्यांच्या हस्ते फीत कापली. फोटो निघाले, स्टेटसवर गेले, खूप लाइक मिळाले. आम्ही सगळे आपापल्या कामाला परत गेलो. कोणी पुण्याला, कोणी हैदराबादला, कोणी परभणीला.

फीत कापली त्या दिवशी कोपऱ्यावरच्या चहावाल्या चाचांनी मला एकच प्रश्न विचारला होता. ‘साफ तो कर दिये बेटा, अब देखेंगा कौन?’ मी हसून म्हणालो, ‘हम हैं ना चाचा.’ पुढच्या रमजानपर्यंत जागा पुन्हा जशी होती तशी झाली होती.

ती कशी बिघडली ते मी नंतर विचारून घेतलं. सुरुवात बल्बपासून झाली. बल्ब होता तोवर संध्याकाळी मोहल्ल्यातल्या बायका लेकरांना घेऊन पारावर यायच्या. माझी अम्मी जायची, पलीकडच्या गल्लीतल्या काकू यायच्या. दोन गल्ल्यांतल्या बायकांची दळणाच्या गिरणीबाहेर कुठं भेट व्हायची तर इथंच. एक दिवस बल्ब गेला. बायका यायच्या बंद झाल्या. अंधारात पोरं बसू लागली, मग बाटल्या आल्या. रात्री कोण काय टाकतं ते दिसेना, म्हणून कचरा आला. उन्हाळ्यात रोपांना पाणी घालायला कोणी गेलं नाही. एक बाकडा फुटला, मग दुसरा.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मी मागे जाऊन पाहिलं. बल्ब गेल्यावर तिसऱ्या दिवशी एक मेसेज आहे, ‘कोणीतरी बल्ब बदला रे.’ त्याच्याखाली सहा अंगठे. तो मेसेज पुण्यात बसून मीच टाकला होता.

हे सगळं लिहायचं कारण असं की आपल्याकडे सार्वजनिक जागा बिघडली की आपण लगेच दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सरकार, ठेकेदार, नगरसेवक, ‘आपले लोकच असे’. इथं सरकार नव्हतं, ठेकेदार नव्हता, पैसाही आमचाच होता. तरीही जागा टिकली नाही. म्हणजे दोष फक्त पैसा कोणाचा यात नाही. ‘त्यानंतर काय’ हा प्रश्न कोणीच स्वतःचा मानला नाही, दोष तिथं आहे.

सुशोभीकरण लाडकं, देखभाल सावत्र

आपल्या छोट्या शहरांत ‘सुशोभीकरण’ हा शब्द फार लाडका आहे. तलावाचं सुशोभीकरण, चौकाचं, स्मशानभूमीचं, ईदगाहचं. त्यासाठी योजना असते, अंदाजपत्रक असतं, निविदा असते, कोनशिला असते. देखभालीला यातलं काहीच नसतं. नव्या बांधकामाचा निधी वरून योजनेतून येतो. देखभालीचा खर्च मात्र नगरपालिकेला स्वतःच्या तोकड्या उत्पन्नातून, पगार आणि वीजबिल भागवून उरलं तर, करावा लागतो. बाग मिळते, पण बागेला पाणी घालणारा माणूस मिळत नाही.

यावर आपण एक गोड शब्द ठेवला आहे, ‘लोकार्पण’. अर्पण म्हणजे देणं. देणारा दिसतो, त्याचं नाव कोनशिलेवर असतं. पण घेणारा कोण? ‘लोक’ म्हणजे नेमकं कोण? एखादी वस्तू द्यायची असेल तर समोर हात पुढे करणारं कोणीतरी असावं लागतं. लोकार्पणात तेच नसतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात हा धडा फार लवकर आणि फार महागात शिकावा लागतो. नवी प्रणाली सुरू झाली त्या दिवशी केक कापला जातो, पण तिचं खरं आयुष्य दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं. म्हणून प्रत्येक प्रणालीवर एका टीमचं नाव असतं आणि आठवड्याची पाळी लावलेली असते. रात्री दोनला काही बंद पडलं तर कोणाचा फोन वाजणार, हे आधीच ठरलेलं असतं. ज्या प्रणालीवर कोणाचंच नाव नसतं ती वाईट लिहिलेली असते असं नाही. पण ती हमखास पडते, कारण बिघाड दिसला तरी प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणी पाहत असेल. आमच्या पारावरचा बल्ब असाच पडला. बावीस मालक म्हणजे शून्य मालक.

ना ग्रामसभा, ना वॉर्ड समिती

सोनपेठसारख्या शहरात ही अडचण खेड्यापेक्षा आणि महानगरापेक्षा जास्त आहे, आणि त्याचं कारण कायद्यात आहे.

खेड्यात ग्रामसभा असते. महाराष्ट्रात ती वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. तिथं गावातला कोणीही मतदार उभा राहून विचारू शकतो, ‘तळ्याच्या कामाचं काय झालं? मोटार कोण चालू-बंद करणार?’ ग्रामसभा कागदावर उरकल्या जातात हे खरं, पण विचारायची जागा तरी आहे. मोठ्या शहरांसाठी संविधानाच्या ७४व्या दुरुस्तीनं, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, वॉर्ड समित्या बंधनकारक केल्या. पण कुठं? ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत. सोनपेठ, मानवत, पाथरी, गंगाखेड ही सगळी या रेषेच्या फार खाली आहेत.

म्हणजे आपण नगरपरिषदेच्या हद्दीत राहतो म्हणून आपल्याला ग्रामसभा नाही, आणि शहर छोटं म्हणून वॉर्ड समिती नाही. नागरिकानं बोलायचं कुठं? २००९ मध्ये महाराष्ट्रानं शहरांसाठी ‘क्षेत्रसभे’ची तरतूद कायद्यात केली होती. मतदान केंद्रांच्या आसपासच्या मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागाचं ठरवायचं, अशी ती कल्पना. तुमच्यापैकी किती जणांनी क्षेत्रसभा भरलेली पाहिली आहे? नाव तरी ऐकलं आहे?

पाच वर्षांतून एकदा मत द्यायचं आणि मधल्या काळात नगरसेवकाच्या ओळखीवर जगायचं, एवढंच मग छोट्या शहरातल्या नागरिकाच्या हातात उरतं. ओळख असेल त्याच्या गल्लीतली नाली साफ होते. ओळख ही मुस्लीम वस्त्यांकडे बहुतेक वेळा कमीच असते, हे मी वेगळं सांगायला नको. म्हणून सार्वजनिक जागेची राखण हा आपल्यासाठी ‘समाजसेवेचा’ हौशी विषय नाही. विचारायची हक्काची जागा नसेल तर ती कशी तयार करायची, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

मुतवल्ली हा शब्द आपलाच आहे

वक्फवर गेली काही वर्षं देशभर वाद चालला आहे. २०२५ च्या दुरुस्तीनंतर तर तो घराघरात पोहोचला. पण वाद सगळा जमिनीचा आहे, किती एकर, कोणाच्या नावावर. वक्फच्या कल्पनेत जमिनीइतकाच महत्त्वाचा एक माणूस आहे, मुतवल्ली. मुतवल्ली मालक नसतो. तो वस्तू विकू शकत नाही, वारसांना देऊ शकत नाही. ती त्याच्याकडे अमानत असते. आणि हनफी फिकहचा एक जुना नियम असा की वक्फच्या उत्पन्नातून पहिला खर्च त्या वास्तूच्या दुरुस्तीचा. वक्फ करणाऱ्यानं तसं लिहिलेलं असो वा नसो. आधी छप्पर, मग खैरात. देखभाल हा उरलेल्या पैशातला खर्च नाही, पहिला खर्च आहे, हे त्या फकीहांना शेकडो वर्षांपूर्वी कळलं होतं.

मराठवाड्यात याचं उदाहरण पाहायचं तर औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पाणचक्कीला जा. डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी आणलं, त्यावर चक्की फिरवली, तिच्यावर दळलेल्या धान्यातून दर्ग्यावर येणाऱ्या फकिरांची, प्रवाशांची सोय झाली. त्याआधी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं त्याच शहरासाठी नहर बांधली. या जलवाहिन्यांचं कौतुक करताना आपण फक्त बांधणाऱ्याचं नाव घेतो. पण जमिनीखालचे नळ पिढ्यान्‌पिढ्या चालू राहायचे तर गाळ काढणारे, गळती शोधणारे हातही पिढ्यान्‌पिढ्या लागले असणार. त्यांची नावं कुठं कोरलेली नाहीत.

इथं स्वतःकडेही पाहिलं पाहिजे. मुतवल्ली हा शब्द आपला असला तरी त्याची वागणूक आपल्याकडे राहिली आहे का? किती कब्रस्तानांच्या भिंती पडल्या आहेत, किती वक्फच्या गाळ्यांचं भाडं अजून जुन्याच दरानं चाललं आहे, आणि त्या गाळ्यांत बसलेले किती जण आपलेच आहेत? जी अमानत आपल्या ताब्यात आहे तिचा हिशेब नीट नसेल तर शहराच्या अमानतीबद्दल बोलताना आवाज दबकाच निघणार.

आणि शहराची अमानत वेगळी कशी? रस्त्यातला काटा-दगड बाजूला करणं सदका आहे, हे आपण मदरशात शिकलो. पाणवठा, वाट आणि लोक बसतात ती सावली घाण करू नका, असा सक्त इशारा हदीसमध्ये आहे. त्यात पाणवठा मुसलमानांचा की आणखी कोणाचा, असं विचारलेलं नाही. आमचं लिंबाचं झाड या तिसऱ्या प्रकारातलं होतं.

टिकतं ते कशामुळे

सामायिक जागा टिकतच नाहीत, लोकांना अक्कलच नाही, हे म्हणणं सोपं आहे. पण ते खरं नाही.

धुळे-नाशिकच्या भागात पांझरा, मोसम अशा नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. नदीला बंधारा, बंधाऱ्याचा पाट, पाटाखाली सगळ्यांची जमीन. पाणी देणारा पाटकरी ठरलेला, राखण करणारा जागल्या ठरलेला, आणि त्यांचा मोबदला शेतकरी धान्यातून देत. पाट साफ करायला सगळ्यांनी यायचं. भांडण झालं तर पंच बसायचे. यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जागल्याला मोबदला होता. राखण उत्साहावर सोडलेली नव्हती.

आपल्या परभणी जिल्ह्यात जवळचं उदाहरण आहे. सेलू तालुक्यातल्या वालूरला चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव आहे. ती कचऱ्यानं आणि गाळानं भरलेली होती. २०२१ च्या सुमारास गावकऱ्यांनी श्रमदानानं ती मोकळी केली आणि बारव पुन्हा दिसू लागली. राज्यभर रोहन काळे यांनी सुरू केलेल्या बारव मोहिमेनं अशा कामांना जोर दिला. या मोहिमेतली एक युक्ती शिकण्यासारखी आहे. महाशिवरात्रीला बारवांमध्ये दिवे लावायचे. दिवे लावायचे म्हणजे त्याआधी पायऱ्या झाडायच्या, गवत काढायचं. वर्षातून एकदा का होईना, तारीख ठरलेली. आपल्याकडे उरुसाच्या आधी दर्ग्याला चुना लागतो तो असाच. कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही, कॅलेंडरच आठवण करून देतं.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अभ्यासक बाईंना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच विषयासाठी. जगभरातली कुरणं, कालवे, मासेमारीची ठिकाणं पाहून त्यांनी दाखवलं की लोक सामायिक गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकतात, पण काही अटींवर. जागेची हद्द आणि वापरणारे स्पष्ट हवेत. नियम वापरणाऱ्यांनी मिळून केलेले हवेत. लक्ष ठेवणारा त्यांना उत्तर देणारा हवा. नियम मोडणाऱ्याला आधी समज, मग हळूहळू वाढता दंड हवा. आणि भांडण जवळच्या जवळ, खर्चाशिवाय मिटायला हवं. आमच्या पाराकडे यातली एकही गोष्ट नव्हती. आमच्याकडे फक्त नियत होती, आणि नियतीवर बल्ब बदलत नाही.

‘आपण’ म्हणजे किती जण?

आता जरा अवघड गोष्ट. मुस्लीम पोरांचा गट एखादी सार्वजनिक जागा सांभाळायला निघाला की दोन अडचणी येतात.

पहिली बाहेरून. ‘यांनी जागा धरली’ अशी कुजबुज सुरू होते. आजच्या वातावरणात ही भीती खोटी नाही. मोहल्ल्यातले बुजुर्ग म्हणूनच सांगतात, ‘आपल्याला काय करायचंय, उगीच लफडं नको.’ दुसरी अडचण आतून येते. आपण असं काम करतो ते कॅमेऱ्यासाठी. ‘पाहा, मुस्लीम तरुणांनी घाट स्वच्छ केला.’ बातमी येते, आपल्याला बरं वाटतं. पण हे बरं वाटणं घातक आहे. त्यात आपण नागरिक म्हणून नव्हे, तर चांगुलपणाचं प्रमाणपत्र मागणारे म्हणून उभे राहतो. ही जागा माझी आहे, कारण मी इथं राहतो. ती सांभाळून मला कोणाला काही सिद्ध करायचं नाही.

दोन्ही अडचणींवर माझ्या मते उत्तर एकच आहे. पहिल्या दिवसापासून समिती मिश्र हवी. नंतर ‘त्यांनाही बोलवू’ असं नाही. पलीकडच्या गल्लीतल्या काकू पारावर बसत होत्या, पण आमच्या बावीस जणांच्या ग्रुपमध्ये त्या गल्लीतलं एकही नाव नव्हतं. बाईचं तर एकही नव्हतं. ज्यांना जागेची सर्वात जास्त गरज होती, त्यांना बल्ब गेल्याचं सांगायलाही वाट नव्हती. जागा बिघडल्याचा पहिला फटका बायकांना बसला आणि कळलं सर्वात शेवटी आम्हाला.

समिती एकाच गटाची झाली की काय होतं, हे मुंबईनं पाहिलं आहे. तिथं मैदानं, उद्यानं खासगी संस्थांना ‘दत्तक’ द्यायची पद्धत होती. काही ठिकाणी नागरिकांच्या गटांनी चांगलं काम केलं. पण काही मैदानांवर क्लब उभे राहिले आणि सामान्य माणसाला फाटक बंद झालं. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेनं नवं दत्तक धोरण मंजूर केलं तेव्हा इतका विरोध झाला की त्याला स्थगिती द्यावी लागली. दत्तक घेतलेलं लेकरू आपलं होतं. सार्वजनिक जागा कधीच कोणाची ‘आपली’ होता कामा नये. म्हणून मला राखण हा शब्द बरा वाटतो. राखणदार पीक राखतो, कापून घरी नेत नाही.

यातच हातगाडीवाले येतात, धुणं धुणाऱ्या बायका येतात, दुपारी सावलीला झोपणारा हमाल येतो. सुशोभीकरण झालं की पहिल्यांदा यांनाच हुसकावलं जातं, कारण ते फोटोत चांगले दिसत नाहीत. जी समिती यांना हाकलून जागा ‘सुंदर’ ठेवते, तिनं जागा वाचवली असं मी म्हणणार नाही. उलट दिवसभर तिथंच असणारा गाडीवालाच सर्वात चांगला राखणदार होऊ शकतो. आमच्या वेळी चहावाल्या चाचांना आम्ही फीत कापताना मागच्या रांगेत उभं केलं होतं. प्रश्न फक्त त्यांनाच पडला होता.

‘कर भरतो, मग काम आम्ही का करायचं?’

हा आक्षेप मी मित्रांकडून नेहमी ऐकतो आणि तो चुकीचा नाही. झाडू मारणं, दिवे लावणं, कचरा उचलणं ही नगरपालिकेची कामं आहेत आणि त्यासाठी आपण कर देतो. लोकांच्या श्रमदानावर ही कामं ढकलली तर श्रीमंत वस्तीत जागा चमकतील आणि गरीब वस्तीत उकिरडे होतील. शिवाय सफाई कामगाराच्या रोजगारावर पाय येईल तो वेगळाच.

पण राखण म्हणजे फुकट सफाई नव्हे. राखण म्हणजे लक्ष ठेवणं, नोंद ठेवणं आणि योग्य दारावर जाऊन विचारणं. सरकारी कामाच्या करारात साधारणपणे ‘दोष दायित्व कालावधी’ असतो. त्या मुदतीत फरशी उखडली, भिंतीला तडा गेला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचं असतं. मुदत कधी संपते हे आपल्याला माहीतच नसतं, म्हणून ती आपोआप संपून जाते. माहिती अधिकार कायदा २००५ पासून आहे, अर्जाला १० रुपये लागतात. कार्यादेश, अंदाजपत्रक आणि दोष दायित्वाची तारीख, एवढ्या तीन गोष्टी मागायला इंजिनिअर असावं लागत नाही.

फक्त तक्रार करणारा माणूस अधिकाऱ्याला नकोसा होतो. तारखेनिशी वही घेऊन येणाऱ्या दहा जणांना टाळणं अवघड असतं, विशेषतः ते दहा जण तीन वेगवेगळ्या गल्ल्यांतून आलेले असतील तर.

सोनपेठपासून सुरू करू

आमच्या शहराच्या कडेनं वाण नदी जाते. बालाघाटातून येते, परळीजवळ नागापूरला तिच्यावर धरण आहे, आणि पुढे वाणीसंगमला ती गोदावरीला मिळते. नदी, बाजाराची जागा, शाळेचं मैदान, बसस्थानकाचा परिसर, ईदगाहचा रस्ता. सांभाळायला इथं पुष्कळ आहे. उद्या यातल्या कशाचंही नूतनीकरण होईल, पैसा येईल, फीत कापली जाईल. तेव्हा हात पुढे करायला कोणी उभं असावं, म्हणून आजच काही छोट्या गोष्टी करता येतील. माझ्या पाराच्या फजितीतून शिकलेल्या त्या या.

एकच जागा निवडा. सगळं शहर बदलायला निघालेला ग्रुप तीन महिन्यांत बंद पडतो.

सात ते अकरा जणांची समिती करा, त्यात निम्म्या बायका आणि किमान तीन गल्ल्यांतले लोक. बाहेरगावी राहणाऱ्यांना समितीत मत नको. माझ्यासारख्यांनी पैसे द्यावेत, अर्ज टाईप करून द्यावेत, पण ठरवायचं तिथं राहणाऱ्यांनी.

राखणदाराला मोबदला द्या. समजा, ६० घरांनी महिना ३० रुपये दिले तर १,८०० रुपये होतात. रोज एक तास जागेकडे पाहणाऱ्या, रोपांना पाणी घालणाऱ्या माणसाला तेवढे देता येतात. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी पाच पोरं तेवढी रक्कम एका पिझ्झ्यावर घालवतात. पण पैसे फक्त आपल्याकडून येऊ नयेत. घराघरातून तीस रुपये आले तरच घराघरातून प्रश्न येतील.

एक वही ठेवा. काय बिघडलं, कधी दिसलं, कोणाला सांगितलं, कधी दुरुस्त झालं, किती खर्च झाला. मी ॲप बनवून देऊ शकतो, पण बनवणार नाही. वही कोपऱ्यावरच्या दुकानात राहील, कोणालाही उघडता येईल, आणि तिला चार्जिंग लागत नाही.

वर्षातल्या दोन तारखा ठरवा, एक पावसाळ्याआधी आणि एक पावसाळ्यानंतर. त्या दिवशी सगळ्यांनी यायचं, हिशेब वाचायचा, नवी समिती निवडायची. कायद्यातली क्षेत्रसभा कोणी भरवत नसेल तर आपण आपली छोटी सभा भरवू. तिला अधिकार नसतील, पण सवय तर लागेल. उद्या खरी क्षेत्रसभा मागायची वेळ आली तर मागणाऱ्यांना सभा कशी चालते ते माहीत असेल.

आणि नावाचा फलक लावू नका. ना संघटनेचा, ना देणगीदाराचा, ना आपल्या मरहूम आजोबांचा. फलक लावायचाच असेल तर एवढाच लावा, ‘बिघाड दिसल्यास या दुकानात सांगा.’

मागच्या ईदला मी पुन्हा गावी गेलो. चाचांकडे चहा घेतला. पाराचा विषय मी काढला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, ‘अब की बार फोटोवाले मत लाओ, बल्बवाला लाओ.’ पलीकडच्या गल्लीतल्या काकूंना मी घरी जाऊन विचारलं, समितीत याल का. त्यांनी आधी विचारलं, ‘तुझी आई आहे का?’ अम्मी आहे म्हटल्यावर तयार झाल्या. शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंनी वहीची जबाबदारी घेतली आहे. अजून सात जण झालेले नाहीत, चारच झाले आहेत. जेसीबी आणलेला नाही, फीत तर नाहीच.

पण दोनशे पानी वही घेतली आहे आणि ती चाचांच्या दुकानात गल्ल्याशेजारी ठेवली आहे. पहिल्या पानावर पहिली नोंद बल्बची आहे. त्याच्यापुढे, तो कोण बदलणार या रकान्यात, यावेळी ‘कोणीतरी’ असं लिहिलेलं नाही. एक नाव लिहिलेलं आहे.